रने लालिक : उजेडाचा कारागीर

दागिन्याचें मोल त्यांतील हिऱ्यांवर ठरतें, असा जगाचा समज आहे. हा समज ज्यानें खोटा ठरविला, त्या रने लालिक नामक फ्रेंच कारागिराचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रनेचा जन्म ६ एप्रिल १८६० रोजीं फ्रान्सच्या शांपान्य प्रांतांतील आय ह्या गांवीं झाला. १८७६ सालीं पितृछत्र हरपलें, व सोळा वर्षांचा हा मुलगा पॅरिसमधील लुई ओकोक ह्या जवाहिऱ्याकडे उमेदवारी करूं लागला. पुढें लंडन येथें दोन वर्षें कलेचा अभ्यास करून तो परतला, नामांकित पेढ्यांना दागिन्यांचे नमुने काढून देऊं लागला, आणि १८८५ च्या सुमारास त्यानें स्वतःचा कारखाना चालविण्यास घेतला.

त्या काळीं धनिकांस हिऱ्यांचीच हौस होती. लालिकनें मात्र शिंग, कांच व मीना हीं साधीं द्रव्यें हातीं घेतलीं. मीना म्हणजे वस्तुतः कांचेची रंगीत पूड. ती भट्टींत वितळवून धातूवर बसवितात. नेहमींच्या मीनाकामास पाठीमागें पत्रा असतो. लालिकनें ज्या प्रकारांत कीर्ति मिळविली, त्यांत सोन्याच्या बारीक घरांत मीना नुसता धरलेला राहतो. भाजतांना दिलेला तात्पुरता आधार मागाहून काढून टाकतात. मग ख्रिस्तमंदिराच्या रंगीत खिडकींतून यावा तसा उजेड त्यांतून आरपार येतो. परंतु पाठीस आधार नसल्यामुळें एखादें घर तडकलें, कीं सारी मेहनत वायां जाण्याची भीति असते.

हा धोका पत्करून त्यानें स्त्रीदेह व चतुराचे पंख असलेलें एक वक्षोभूषण घडविलें. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याच्या कलाकृतींनीं लोकांस थक्क केलें. कालूस्त गुल्बेंकियन ह्या संग्राहकानें घेतलेलें तें भूषण आज लिस्बन येथील संग्रहालयांत आहे.

पुढें त्याची नक्कल करणारे पुष्कळ निघाले. तेव्हां पन्नाशीच्या घरांत आलेल्या ह्या यशस्वी माणसानें दागिने हळूहळू सोडून कांचकामास आरंभ केला. जर्सी बेटावरील संत मत्तयाच्या आंग्लिकन मंदिरांत १९३४ सालीं त्यानें कांचेचा क्रूस व बाप्तिस्माकुंडही घडविलें. मे १९४५ मध्यें पॅरिस येथें त्याचें देहावसान झालें.

द्रव्य किती महाग, हें न पाहतां त्यांतून उजेड किती येईल, हें तो पाही. त्याच्या चरित्रांतून आम्हांस हेंच घ्यावेंसें वाटतें.