उष्णतेशी भांडलेला माणूस : सेमूर क्रे

वर्सोव्याचा माझा एक मित्र सध्या गेमिंग पीसी जमवतोय, तोही कस्टम वॉटर-कूल्ड! लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या जोरात चालू आहेत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड त्याचं पहिल्याच दिवशी ठरलं. पंप, रेडिएटर, नळ्या मात्र "नंतर बघू". आता गंमत बघा, आरटीएक्स ५०९० हे एकटं कार्डच ५७५ वॅट खातं. आणि हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन त्याच्याच छोट्याशा खोलीत येणार, तेही वर्सोव्याच्या दमट मे महिन्यात! त्याला म्हटलं, बाबा, आधी सेमूर क्रे कोण होता ते ऐक.

क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा. गाव चिप्पेवा फॉल्स, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं. वडील सिव्हिल इंजिनीअर (सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा). दुसऱ्या महायुद्धात तो रेडिओ ऑपरेटर होता. परत येऊन मिनेसोटा विद्यापीठातून त्याने १९४९ मध्ये इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली, १९५१ मध्ये अप्लाइड मॅथ्सची मास्टर्स.

१९५७ मध्ये कंट्रोल डेटा म्हणजे सीडीसी ही कंपनी निघाली आणि क्रे लवकरच तिथे गेला. कंपनीकडे पैशांची बोंब. असं सांगतात, की क्रेने दुकानातून स्वस्तातले ट्रान्झिस्टर उचलून आणले. त्यात एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. मग हा फरक चालून जाईल असं सर्किटच त्याने डिझाइन केलं. महागडा पार्ट आणून कोणीही मशीन बनवेल, हे खरं इंजिनीअरिंग! त्यातून १६०४ हा मोठा कॉम्प्युटर आला, आणि टेबलाएवढा छोटा १६० सुद्धा. १९६४ मध्ये आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० बसवला, तो १६०४ च्याच घराण्यातला, आणि त्याच्या जोडीला १६०ए होता.

त्याच वर्षी क्रेचा ६६०० आला आणि जगातला सर्वात वेगवान कॉम्प्युटर ठरला. आयबीएमचे प्रमुख वॉटसन इतके हादरले की त्यांनी मेमोच काढला. झाडूवाल्याला धरून फक्त ३४ माणसांची टीम आपल्या पुढे गेलीच कशी, असा त्यांचा सवाल होता.

उत्तर पार्टमध्ये कमी, मांडणीत जास्त होतं. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा फक्त ३० सेंटिमीटर जातो, तारेतला सिग्नल त्याहून कमी. म्हणजे वेग हवा तर तारा आखूड हव्यात. तारा आखूड करायच्या तर पार्ट दाटीवाटीने बसवायला हवेत. आणि दाटी केली की सगळं भट्टीसारखं तापणार! म्हणून ६६०० मध्ये फ्रिजसारखं फ्रीऑनचं कूलिंग आतच घातलं होतं. ते काम डीन रूश या इंजिनीअरचं. कूलिंग 'नंतर बघू' या यादीत नव्हतंच.

पण एकदा उष्णतेने क्रेलाही हरवलं. ८६०० हे पुढचं मशीन काही केल्या नीट चालेना. १९७२ मध्ये तो सीडीसी सोडून बाहेर पडला आणि त्याने क्रे रिसर्च काढली. १९७६ मध्ये क्रे-१ लॉस अलामॉसला गेला. इंग्रजी 'सी' अक्षरासारखा गोल, म्हणजे आतल्या तारा आखूड, सर्वात लांब तार सुमारे चार फूट. भोवती सोफ्यासारखी बैठक, तिच्याखाली पॉवर सप्लाय. अख्ख्या मशीनमध्ये चिप्स फक्त चार प्रकारच्या! वीज सुमारे ११५ किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे पन्नासहून जास्त गिझर एकदम चालू. आणि अडलं कुठे? प्लंबिंगमध्ये. नळ्यांच्या जोडांतून फ्रीऑनबरोबर तेल झिरपून बोर्डांवर बसायचं. वेल्डिंगची पद्धत सुधारेपर्यंत काम लांबलं.

(इथे मित्राला अजून एक सूचना. साधा रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून नळ्यांना घाम फुटत नाही. हौसेने चिलर लावलास तर वर्सोव्याच्या हवेत मदरबोर्डवर थेंब पडलेच समज.)

१९८५ च्या क्रे-२ मध्ये तर त्याने कमाल केली. वीज न वाहून नेणाऱ्या फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात सगळे बोर्ड चक्क बुडवले. माझ्या मते हे त्याचं सर्वात देखणं काम.

त्यानंतर मात्र नशीब फिरलं. क्रे-३ साठी त्याने सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप्स निवडल्या. वेगवान खऱ्या, पण बनवायला महाकठीण. इकडे पुण्यात सीडॅकने १९९१ मध्ये बाजारात मिळणारे ट्रान्सप्यूटर शेकड्यांनी जोडून परम ८००० उभा केला होता. असे पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडण्यापेक्षा थोडे पण जबरदस्त प्रोसेसर बरे, असं क्रे वर्षानुवर्षं मानत आला होता. क्रे-३ फक्त एका ठिकाणी, कोलोरॅडोतल्या एनसीएआर या हवामान संस्थेत पोचला आणि १९९५ मध्ये त्याच्या कंपनीचं दिवाळं निघालं.

क्रे सत्तरीचा झाला होता. तरी ऑगस्ट १९९६ मध्ये त्याने एसआरसी ही नवी कंपनी काढली. २२ सप्टेंबरला कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये त्याच्या जीपला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबर १९९६ ला तो गेला. नव्या कंपनीला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.