नाव अफोन्सोचे, कलम कोकणचे

वैशाखात कर्जतच्या बाजारपेठेत आणि खालापूर-खोपोलीवरून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेला आंब्याच्या पेट्या मांडल्या जातात. पेटीवरचे हापूस हे नाव वाचले की गिऱ्हाईक थबकते. या नावाचे मोल ओळखूनच रायगड, ठाणे, पालघर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन देण्यात आले. मात्र ज्या नावासाठी कोकणाने एवढा आग्रह धरला, ते मूळचे कोकणातले नाही. अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीच्या नावावरून ते आले, असे परंपरेने मानले जाते.

अल्बुकर्कचा जन्म १४५३ च्या सुमारास लिस्बनजवळच्या अल्हांद्रा येथे एका सरदार घराण्यात झाला. राजदरबारात तो वाढला आणि उमेदीची वर्षे त्याने उत्तर आफ्रिकेतील मोहिमांत घालवली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर तो प्रथम आला १५०३ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. कोचीनला किल्ल्याचा पाया घालून तो परतला. १५०६ मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा आल्मेदानंतर कारभार हाती घेण्याचा राजाचा गुप्त हुकूम त्याच्यापाशी होता.

परंतु आल्मेदा सहजासहजी बाजूला होणारा नव्हता. १५०८ मध्ये आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, चौलच्या लढाईत त्याचा तरुण मुलगा लॉरेन्सो मारला गेला होता. त्या सुडाने पेटलेल्या आल्मेदाने दाभोळ जाळले, दीवजवळ शत्रूच्या आरमाराचा पराभव केला आणि त्यानंतरही सूत्रे सोडली नाहीत. उलट अल्बुकर्कलाच त्याने कण्णूरला कैदेत टाकले. पोर्तुगालहून नवे आरमार आल्यावर, १५०९ च्या नोव्हेंबरात अल्बुकर्कच्या हाती अधिकार आला.

पुढची सहा वर्षे त्याने उसंत घेतली नाही. फेब्रुवारी १५१० मध्ये त्याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला. मे महिन्यात तो गमावला, आणि ऐन पावसाळ्यात आपल्या जहाजांसह तो मांडवीच्या पात्रात उपासमार सोशीत अडकून पडला. २५ नोव्हेंबरला त्याने गोवा पुन्हा जिंकला व शहरातील मुसलमानांची सरसकट कत्तल केली. त्याच माणसाने गोव्यात टांकसाळ काढली, सती जाण्यावर बंदी घातली, गावोगावच्या जुन्या ग्रामसंस्था चालू ठेवल्या आणि आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करून येथेच राहण्यास उत्तेजन दिले. त्याला येथे केवळ वखार नको होती, कायमची वस्ती हवी होती.

१५११ मध्ये मलाक्का पडले. परतताना त्याचे जहाज सुमात्राजवळ बुडाले आणि लुटीचा मोठा भाग समुद्रात गेला. १५१३ मध्ये एडनपुढे त्याला माघार घ्यावी लागली, तर १५१५ मध्ये होर्मुझ पक्के ताब्यात आले. तेथेच तो आजारी पडला. गोव्याकडे येताना वाटेत बातमी कळली, की राजाने आपल्या जागी दुसऱ्याला नेमले आहे आणि तो आपल्या विरोधकांपैकी आहे. आपल्या मुलाचा सांभाळ करावा, असे राजाला कळवून १६ डिसेंबर १५१५ रोजी, गोवा दृष्टिपथात असताना, त्याने जहाजावरच प्राण सोडला. पश्चात्ताप झालेल्या राजा मॅन्युएलने त्या मुलाचे ब्रास हे नाव बदलून अफोन्सो ठेवले. बापाचे नाव चालावे म्हणून केलेला हा पहिला प्रयत्न.

दुसरा प्रयत्न कोणी ठरवून केला नाही. कोय रुजवून वाढलेले रायवळ झाड आईसारखेच फळ देईल, याचा भरवसा नसतो. आवडलेल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधली, की तीच चव पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आंब्याच्या कलमांची ही विद्या पोर्तुगीज अमदानीत गोव्यात रुजली आणि तिचे श्रेय प्रामुख्याने जेझुइट पाद्र्यांना दिले जाते. हे पाद्री गोव्यात आले १५४२ मध्ये, अल्बुकर्कच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. म्हणजे आपल्या नावाचा आंबा त्याने चाखला असण्याचा संभव फारसा नाही. कलम आले की प्रत्येक जातीला नाव लागतेच. अफोन्सोचा हापूस झाला, पेरेसची पायरी झाली, फर्नांदिन तसाच राहिला.

असे जगभर घडले आहे. फ्रान्समधले सिराह द्राक्ष ऑस्ट्रेलियात शिराझ झाले. कॅलिफोर्नियाचे झिनफंडेल, इटलीचे प्रिमितिवो आणि क्रोएशियातील एक जुनी वेल ही एकच जात आहे, हे जनुकीय तपासणीने दाखवून दिले. नावे वेगळी, मूळ एकच. कोकणात याच्या उलट झाले. नाव परक्याचे, पण झाड येथल्याच आम्रकुळातले. त्याची संततीही येथेच वाढली. वेंगुर्ले येथे नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना ही जात आली, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर होऊन १९९२ मध्ये सिंधू. कर्जतच्या संशोधन केंद्राने तर आपल्या भाताच्या जातींना गावाचेच नाव दिले. कर्जत ३, कर्जत ७ ही बियाणी त्या नावानेच शेतकऱ्याच्या ओळखीची आहेत.

अल्बुकर्कने जिंकलेला गोवा १९६१ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेला. मलाक्का आणि होर्मुझ त्याआधीच, सतराव्या शतकात गेले होते. हापूस हे नाव मात्र उरले, आणि ते उरले तलवारीमुळे नव्हे. नाव कोणाचे याची चौकशी न करता ज्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर काड्या निवडल्या, कलमे बांधली आणि कातळात खड्डे खणून ती जगवली, त्या बागाईतदारांनी आणि गड्यांनी ते जगवले. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव एखाद्या आंब्याला मिळाले नाही. २०१८ च्या मानांकनाने निदान त्यांच्या मुलखाचे नाव त्या फळाशी कायद्याने जोडले गेले.