रोबेर्तोची पहिली पाच वर्षे

समजा तुमच्या शाळेच्या क्रिकेट संघात एक नवा मुलगा आला आहे. तो हरणासारखा पळतो. सीमारेषेवरून त्याने फेकलेला चेंडू सरळ यष्टिरक्षकाच्या हातात येतो. पण फलंदाजीला गेला, की दिसेल त्या चेंडूवर बॅट फिरवतो आणि बाद होऊन परततो. एक सामना झाला, दोन झाले, पाच झाले. आता सांगा, त्याला संघात ठेवाल की वगळाल? लगेच उत्तर देऊ नका. आधी रोबेर्तो क्लेमेंतेची हकीकत वाचा.

रोबेर्तो हा बेसबॉलचा खेळाडू. आपल्याकडे क्रिकेटला जो मान आहे, तसाच अमेरिकेत बेसबॉलला आहे. या खेळातही एक जण चेंडू टाकतो आणि दुसरा तो गोल बॅटने मारतो. पण येथे चेंडू टप्पा घेत नाही. तो हवेतूनच प्रचंड वेगाने येतो, त्यामुळे तो नीट मारणे फार अवघड असते. फलंदाजाला १००० संधी मिळाल्या आणि त्यांपैकी ३०० वेळा त्याचा फटका यशस्वी झाला, तर लोक त्याला उत्तम फलंदाज म्हणतात. म्हणजे दहापैकी सात वेळा अपयशी ठरणारा माणूसही या खेळात मोठा ठरतो! हा ३०० चा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी आपले काम पडणार आहे.

अमेरिकेतील मोठे संघ खाजगी मालकांचे असतात. एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देतो आणि त्याच्या बदल्यात त्यांचा खेळाडू घेतो. कधी रोख पैसे घेतो. त्या काळी अशा अदलाबदलीत खेळाडूचे मत सहसा कोणी विचारत नसे. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने १९६९ मध्ये असे दुसऱ्या संघात जाण्यास नकार दिला. तो न्यायालयात गेला, पण १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरला. तेव्हा नवा खेळाडू चमकला नाही, तर मालकापुढे प्रश्न उभा राही : वाट पाहायची, की त्याला देऊन टाकायचे?

रोबेर्तोचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी पोर्तो रिको या बेटावरील कॅरोलिना गावी झाला. हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे, पण तेथील लोकांची भाषा स्पॅनिश आहे. रोबेर्तोचे वडील उसाच्या मळ्यात मुकादम होते. आईही कष्ट करून संसाराला हातभार लावी. भावंडांत रोबेर्तो सर्वांत धाकटा. शाळेत असताना तो भालाफेक करीत असे. पुढे त्याच्या फेकीचा सगळीकडे बोलबाला झाला, त्याचे मूळ कदाचित या भाल्यात असेल.

१९५४ च्या फेब्रुवारीत ब्रुकलिन डॉजर्स या नामांकित संघाने त्याला करारबद्ध केले. करारावर सही केल्याबद्दल त्याला १०,००० डॉलर मिळाले. तेव्हा त्याला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पण हीच रक्कम त्याच्या वाटेत आडवी आली. त्या वेळी असा नियम होता, की नव्या खेळाडूला ४,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली, तर त्याला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवायचे. त्याला खालच्या संघात पाठवले, तर हंगाम संपल्यावर दुसरा कोणताही संघ त्याला ठरावीक किमतीला उचलू शकत असे. डॉजर्सकडे तर एकापेक्षा एक नामवंत खेळाडू होते. या पोराला मैदानात कोठे उभे करणार? त्यांनी धोका पत्करला आणि रोबेर्तोला कॅनडातील माँट्रियलच्या आपल्या दुय्यम संघात पाठवले.

माँट्रियलला त्याला वर्षभरात अवघ्या १४८ संधी मिळाल्या. त्याची सरासरी हजारी २५७ भरली. इतर संघांची नजर पडू नये म्हणून त्याला मुद्दाम झाकून ठेवले होते, असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले. पुढे अभ्यासकांनी त्या हंगामातील एकेक सामना तपासला, तेव्हा ही गोष्ट तितकीशी खरी वाटेना. चेंडू टाकणारा डावखुरा असला, की रोबेर्तोला खेळवत. उजव्या हाताचा असला, की बसवून ठेवत. काहीही असो, परक्या देशात, परक्या भाषेत, बाकावर बसून राहिलेल्या वीस वर्षांच्या मुलाला या बारकाव्यांनी काय समाधान मिळणार?

पण एका माणसाने त्याला हेरले. पिट्सबर्ग पायरेट्स या संघाचा क्लाइड सुकफोर्थ दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला आला होता. सामन्यापूर्वीच्या सरावात त्याने रोबेर्तोची फेक पाहिली आणि तो तेथेच थबकला. पिट्सबर्गचा कारभार तेव्हा ब्रँच रिकीकडे होता. हा रिकी पूर्वी डॉजर्सचाच कारभारी. गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला त्यानेच आणले होते. १९५४ च्या हंगामात पिट्सबर्ग आठ संघांत शेवटचा आला होता. जो शेवटचा, त्याला खेळाडू उचलण्याचा पहिला हक्क! २२ नोव्हेंबर १९५४ रोजी पिट्सबर्गने ४,००० डॉलर भरून रोबेर्तोला घेतले.

गोष्ट येथेच सुफळ संपूर्ण झाली असती, तर मी ती सांगायला घेतली नसती. खरी परीक्षा पुढेच होती.

त्याच हिवाळ्यात रोबेर्तोचा थोरला भाऊ रुग्णालयात मृत्यूशी झुंजत होता. त्याच्या भेटीच्या धावपळीत असताना एका दारू प्यायलेल्या चालकाने रोबेर्तोच्या मोटारीला धडक दिली. त्याच्या पाठीच्या मणक्याला दुखापत झाली. भाऊ गेला. पाठदुखी मात्र जन्मभराची सोबतीण झाली. अशा स्थितीत १९५५ च्या एप्रिलमध्ये तो पिट्सबर्गकडून पहिला सामना खेळला.

पहिल्या वर्षी त्याची सरासरी २५५ होती. चेंडू कसाही येवो, रोबेर्तो बॅट फिरवणारच. बेसबॉलमध्ये चार चेंडू ठरावीक कक्षेबाहेर पडले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. रोबेर्तोला त्या संपूर्ण वर्षात हा बेस फक्त १८ वेळा मिळाला! बाद झाला, की तो रागाने डोक्यावरचे शिरस्त्राण आपटून फोडी आणि दंड भरी. दुसऱ्या वर्षी, १९५६ मध्ये, सरासरी एकदम ३११ झाली. सवय सुधारली म्हणावे, तर तसेही नाही. त्या वर्षी फुकटचा बेस १८ वरून १३ वर उतरला होता. लोकांना वाटले, आता हा थांबत नाही. आणि तिसऱ्या वर्षी, १९५७ मध्ये, तो धपकन २५३ वर आला. पाठ इतकी दुखत होती, की तो केवळ १११ सामने खेळू शकला. संघही पुन्हा तळाला गेला.

आकडे तर वाईट होतेच. वरून लोकांच्या बोलण्याचा भार. तो दुखण्याचे सोंग करतो, असे लिहिले जाऊ लागले. आळशी, नाजूक, तक्रारखोर अशी विशेषणे त्याला चिकटली. वार्ताहर त्याची मोडकीतोडकी इंग्रजी चुकांसकट, उच्चारांसकट छापत. तुमच्यापैकी अनेकांना यातले दुःख लगेच कळेल. घरी उर्दू, शाळेत उर्दू, पण एस.टी. स्थानकावर किंवा कचेरीत मराठी बोलताना ‘ती’ ऐवजी ‘तो’ तोंडून जातो आणि समोरचा माणूस हसतो. तीच चूक दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाने वर्तमानपत्रात वाचली तर? पत्रकारांनी त्याचे नावही बदलून ‘बॉब’ करून टाकले होते. त्याला ते मुळीच आवडत नसे. आपले नाव रोबेर्तो आहे, हे तो पुन्हा पुन्हा सांगे.

शिवाय त्याचा रंग काळा. हंगामापूर्वीच्या सरावासाठी संघ फ्लोरिडा राज्यात फोर्ट मायर्सला जात असे. तेथे गोरे खेळाडू हॉटेलात उतरत. काळ्या खेळाडूंना गावाच्या दुसऱ्या टोकाला काळ्या वस्तीतील घरांत राहावे लागे. प्रवासात बस थांबली, की गोरे सोबती खाणावळीत जेवायला उतरत आणि हे बसमध्ये बसून वाट पाहत. असे आणून दिलेले जेवण रोबेर्तोला नको होते. काळ्या खेळाडूंना वेगळी मोटार द्यावी, असा आग्रह त्याने धरला आणि पुढे ती मिळवलीही.

आता १९५७ च्या अखेरीला तुम्ही पिट्सबर्गचे कारभारी आहात, असे समजा. रिकी एव्हाना त्या पदावरून गेला आहे. तुमच्यापुढे २३ वर्षांचा एक खेळाडू आहे. तीन वर्षांपैकी दोन वर्षे निराशेची. पाठ दुखरी, स्वभाव तापट, वर्तमानपत्रे विरोधात. त्याला दुसऱ्या संघाला देऊन एखादा अनुभवी, धडधाकट फलंदाज घेणे हा काही मूर्खपणा ठरला नसता. रोज मैदानावर तिकीट काढून येणाऱ्या माणसाला पाच वर्षांनंतरचा विजय नको असतो. त्याला आजचा विजय हवा असतो. आणि त्याचेही काही चुकत नाही.

तरीही पिट्सबर्गने त्याला ठेवले. केवळ मनाच्या मोठेपणाने ठेवले, असे मी म्हणणार नाही. जो संघ तळाशी आहे, त्याला घाई कसली? डॉजर्सला दर वर्षी जिंकायचे होते, म्हणून त्यांना शिकाऊ मुलासाठी जागा नव्हती. पिट्सबर्गकडे जागाच जागा होती. तेथे रोबेर्तो रोज खेळू शकला, रोज चुकू शकला. दुसरे कारण त्याची फेक. फलंदाजी रुसली, तरी फेक कधी रुसली नाही. १९५८ मध्ये त्याने मैदानाच्या कडेवरून चेंडू फेकून २२ वेळा प्रतिस्पर्ध्यांना बाद करण्यास मदत केली. आणि तिसरे कारण १९५६ सालचा तो ३११ चा आकडा. एकदा जे घडले, ते पुन्हा घडू शकते.

१९५८ मध्ये सरासरी २८९ झाली. त्या हंगामानंतर रोबेर्तोने सहा महिने नौसैनिक दलाचे प्रशिक्षण घेतले. तेथील कसरतीने पाठीला बराच आराम पडला. १९५९ मध्ये २९६. पाच वर्षे झाली होती आणि ३०० च्या वर तो एकदाच गेला होता.

मग १९६० साल उजाडले. रोबेर्तोची सरासरी ३१४ झाली. पिट्सबर्गने बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजला हरवून अजिंक्यपद मिळवले. त्या सातही सामन्यांत रोबेर्तोने यशस्वी फटके मारले. पुढच्या वर्षी, १९६१ मध्ये, सरासरी ३५१ वर गेली आणि तो आपल्या लीगमधील पहिल्या क्रमांकाचा फलंदाज ठरला. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्येही हा मान त्यालाच मिळाला. १९६६ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. क्षेत्ररक्षणाचे सुवर्णहातमोजे त्याने सलग बारा वर्षे पटकावले. १९७१ मध्ये पिट्सबर्ग पुन्हा अजिंक्य झाला, तेव्हा रोबेर्तो ३७ वर्षांचा होता आणि त्या मालिकेत त्याची सरासरी ४१४ होती. विजयानंतर दूरदर्शनच्या कॅमेऱ्यापुढे त्याने सर्वांत आधी आपल्या आईवडिलांना उद्देशून चार शब्द बोलले, तेही स्पॅनिशमध्ये. साऱ्या अमेरिकेने ते ऐकले.

डॉजर्सचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांचे फारसे बिघडले नाही. १९५५ मध्येच, म्हणजे रोबेर्तो गेल्यावर पहिल्याच वर्षी, ते अजिंक्य ठरले. त्यानंतर १९५९, १९६३ आणि १९६५ मध्येही जिंकले. एक गुणी खेळाडू हातचा घालवूनही संघ जिंकू शकतो, हे मान्य केले पाहिजे. पण उजव्या बाजूला उभे राहून फेकणारा तो हात त्यांना परत मिळाला नाही.

३० सप्टेंबर १९७२ रोजी रोबेर्तोने मोठ्या लीगमधील आपला ३०००वा यशस्वी फटका मारला. त्याच्यापूर्वी हा पल्ला केवळ दहा जणांनी गाठला होता.

त्यानंतर तो पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा मार्गदर्शक म्हणून निकाराग्वा देशात गेला. तेथे त्याला खूप माया मिळाली. तो परतल्यावर थोड्याच दिवसांनी, २३ डिसेंबर १९७२ रोजी, निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. रोबेर्तोने अन्न, कपडे, औषधे गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. पाठवलेली मदत सैनिकच मधल्या मध्ये गडप करतात, असे त्याच्या कानावर आले. तेव्हा स्वतःच सोबत जायचे त्याने ठरवले. ३१ डिसेंबरच्या रात्री त्याचे विमान निघाले. जुने विमान, त्यात प्रमाणापेक्षा जास्त भार. उड्डाणानंतर काही क्षणांतच ते किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील पाचही जण गेले. रोबेर्तो ३८ वर्षांचा होता. घरी पत्नी वेरा आणि तीन लहान मुलगे होते.

संघातील त्याचा मित्र मॅनी सँगियेन शोकसभेला आला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून रोबेर्तोला शोधत होता. रोबेर्तोचा देह सापडलाच नाही.

थोर खेळाडूंच्या कीर्तिमंदिरात नाव घेण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा नियम होता. रोबेर्तोसाठी तो बाजूला ठेवण्यात आला आणि १९७३ मध्येच त्याचे नाव तेथे लागले. मोठ्या लीगमधील अठराही वर्षे तो एकाच संघाकडून, पिट्सबर्गकडून खेळला. त्याच्या नावापुढे यशस्वी फटक्यांची संख्या लिहिलेली आहे : ३०००, एक कमी नाही, एक जास्त नाही.