व्हिक्टर हॉर्सली

सर व्हिक्टर अलेक्झांडर हेडन हॉर्सली (१४ एप्रिल, १८५७:लंडन, इंग्लंड - १६ जुलै, १९१६:अमारा, मेसोपोटेमिया) हे इंग्लिश शल्यविशारद व शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. मेरुरज्जूवर दाब देणारी गाठ यशस्वीपणे काढणारे पहिले शल्यविशारद म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली हे त्यांचे वडील. वैद्यकीय शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाले. १८८६ साली लंडनमधील पक्षाघात व अपस्मार यांच्या राष्ट्रीय रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९०२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

मेरुरज्जूवरील शस्त्रक्रिया

१८८७ साली मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी एक रुग्ण हॉर्सलींकडे पाठवला. अनेक वर्षे पाठदुखीने त्रस्त असलेल्या या रुग्णाचे दोन्ही पाय लुळे पडले होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्यामुळे गाठ कोणत्या मणक्यापाशी आहे, हे केवळ वेदना, बधिरता व लुळेपणा यांवरूनच ठरवावे लागले. ९ जून, १८८७ रोजी हॉर्सलींनी मणक्यांच्या मागील कमानी काढून मेरुरज्जू उघडा केला. अपेक्षित जागी गाठ आढळली नाही. तेव्हा त्यांनी आणखी वरचा भाग उघडला आणि तेथे ती सापडली. वर्षभरात रुग्ण पुन्हा चालू लागला व दिवसभर काम करू लागला. गॉवर्स व हॉर्सली यांनी १८८८ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. हाडातून होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी मेणाचा लेप वापरण्याची हॉर्सलींची पद्धतही शस्त्रक्रियेत रूढ झाली.

स्थाननिश्चितीचे यंत्र

१९०८ साली रॉबर्ट हेन्री क्लार्क यांच्यासह हॉर्सलींनी एका यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. प्राण्याचे डोके चौकटीत घट्ट बसवून, तीन दिशांच्या मापांनुसार मेंदूतील नेमक्या बिंदूपर्यंत बारीक सुई नेणे त्यामुळे शक्य झाले. हे यंत्र प्रयोगशाळेपुरतेच राहिले. माणसांच्या मेंदूसाठी तशी पद्धत १९४७ मध्ये अमेरिकेत वापरण्यात आली. मणक्याच्या आजच्या अल्पछेदी शस्त्रक्रियेत संगणकाच्या साहाय्याने उपकरणाची जागा ठरवतात, तेव्हाही मापांवरून बिंदू निश्चित करण्याचे हेच तत्त्व उपयोगी पडते. रोगाची जागा आधी अचूक कळली, तरच छेद लहान ठेवता येतो.

सामाजिक कार्य व मृत्यू

हॉर्सली मद्यपानाचे कडवे विरोधक आणि स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते होते. पहिल्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. इजिप्तनंतर १९१६ मध्ये ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले. तेथील फौजेत हिंदी सैन्याच्या मराठा पलटणीही होत्या. जखमी व आजारी सैनिकांसाठी असलेली वैद्यकीय व्यवस्था अपुरी असल्याचे पाहून त्यांनी सुधारणेची मागणी केली. त्याच उन्हाळ्यात अमारा येथे उष्माघाताने त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन तेथेच करण्यात आले.