अप्पासाहेब भोसले आणि त्यांचे शिपाई

नागपूरकर भोसल्यांचा विषय निघाला की आपल्याकडे आधी पहिल्या रघूजींचं नाव येतं, त्यांच्या बंगालपर्यंतच्या स्वाऱ्या येतात, आणि सगळ्यांची छाती फुगते. अप्पासाहेबांचं नाव आलं की मात्र बैठकीत दोन बाजू पडतात. एक म्हणतो, इंग्रजांशी लढणारा शेवटचा भोसला. दुसरा म्हणतो, घरातल्यांशी कपट करून गादी घेतली आणि ऐन वेळी कच खाल्ली. दोन्ही बाजूंना आधार आहे. पण या वादात त्यांच्यासाठी जे लढले, ते अरब, गोंड, मराठे शिपाई बाजूलाच राहतात. माझ्या मते अप्पासाहेबांचं चरित्र त्या लोकांना वगळून सांगताच येत नाही.

आपला सौंसर-पांढुर्ण्याचा घाटाखालचा मुलुख तेव्हा भोसल्यांच्याच राज्यात होता, देवगडच्या गोंड राजांकडून आलेला. त्यामुळे ही गोष्ट परक्या गावची नाही. यातल्या मुलताई आणि हर्रई या जागा तर आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातल्या आहेत.

अप्पासाहेबांचं खरं नाव मुधोजी. जन्म १७९६ चा. दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी यांचे हे पुत्र. मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले आणि गादीवर त्यांचा मुलगा परसोजी बसला. परसोजींची प्रकृती इतकी खालावलेली होती की राज्यकारभार त्यांच्याकडून होण्यासारखा नव्हता. मग कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यातच दोन तट पडले. रघूजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले एका बाजूला, अप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. अप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केलं आणि पुढे तो मारला गेला. आपली बाजू भक्कम करायला त्यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. ज्या फौजेशी पुढच्याच वर्षी लढावं लागणार होतं, ती त्यांनी स्वतःच सही करून दारात आणली. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी एका सकाळी बिछान्यात मृत आढळले. अप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होते. हा खून अप्पासाहेबांनीच करवला असा ठपका पुढे इंग्रजांनी ठेवला. अप्पासाहेबांची वकिली करताना हा भाग गाळू नये असं मला वाटतं. भाऊबंदकीतून मिळालेली गादी होती ती, आणि म्हणूनच तिला आतून आधार कमी होता.

गादीवर आल्यावर मात्र अप्पासाहेबांना तैनाती फौजेचा फास जाणवू लागला. खर्च राज्याचा, हुकूम रेसिडेंट जेनकिन्सचा. तिकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावांचं इंग्रजांशी फाटलं होतं. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेला सेनापतीपदाचा मानाचा पोशाख भर दरबारात स्वीकारला. पेशवा तेव्हा इंग्रजांशी लढत होता, तेव्हा या पोशाखाचा अर्थ जेनकिन्सला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई पेटली. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या आसपास, त्यात तीन-चार हजार अरब. वर टेकडीवर इंग्रजांचे जेमतेम चौदाशे. पण हे चौदाशे कोण होते? गोरे अधिकारी मूठभर, बाकी मद्रास पलटणींचे तेलुगू-तमिळ शिपाई आणि बंगाल रिसाल्याचे हिंदुस्थानी स्वार. म्हणजे रात्रभर एकमेकांवर गोळ्या झाडणारे दोन्हीकडचे बहुतेक लोक याच देशात वाढलेले. यातल्या चोविसाव्या पलटणीची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर शिक्षा म्हणून तिचा पहिला क्रमांक काढून घेऊन तिला चोविसावा दिला होता. लहान टेकडी सांभाळायचं काम तिच्याकडे आलं आणि तिची रात्रभर चाळण झाली. लढाईनंतर तिने बक्षीस म्हणून आपला जुना क्रमांक मागितला, आणि तो तिला मिळाला. पैसा नाही, जहागीर नाही, फक्त जुना आकडा! शिपाई माणसाचं मन कशात अडकलेलं असतं, ते यावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी काबीज केली. मोठी टेकडी तिथून हाकेच्या अंतरावर. याच वेळी खालच्या मैदानातून बंगाल रिसाल्याने कॅप्टन फिट्झेराल्डच्या हाताखाली धडक मारली आणि भोसल्यांच्या घोडदळाची फळी मोडली. थोड्या वेळाने लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, अरबांत गोंधळ उडाला आणि इंग्रजांनी टेकडी परत घेतली. अठरा तासांत इंग्रजांकडचे ३६७ मेले किंवा जखमी झाले, म्हणजे चारातला एक. एवढं नुकसान सोसणाऱ्या फौजेवर अप्पासाहेबांनी आणखी एक नेट लावला असता तर, असा प्रश्न मनात येतोच. पण ते स्वतः रणावर नव्हते. आपल्या हुकुमावाचून ही लढाई झाली असं ते लगेच रेसिडेंटला कळवू लागले. टेकडीखाली पडलेल्या शिपायांना हे कळलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं!

डिसेंबरमध्ये जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन नागपूरला आला. १६ डिसेंबरला अप्पासाहेब स्वतःहून रेसिडेंटच्या स्वाधीन झाले आणि तोफा खाली ठेवण्याचं कबूल केलं. राजाने कबूल केलं, फौजेने केलं नाही. त्याच दिवशी शहराबाहेर लढाई झाली आणि ती हरल्यावर गणपतराव सुभेदार घोडदळ घेऊन पेशव्यांकडे निघून गेले. अरब आणि हिंदुस्थानी शिपाई मात्र शहराच्या तटाआड आणि वाड्यात शिरले. त्यांच्या बरोबर मनभट होते. मग नागपूर शहरालाच वेढा पडला. ज्याच्यासाठी लढायचं तो राजा शत्रूच्या छावणीत, आणि हे आत बायकामुलांसह कोंडलेले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर चढाई केली. ती अरबांनी परतवून लावली आणि इंग्रजांची बरीच माणसं पडली. शेवटी ३० डिसेंबरला अरब बाहेर पडले ते लढाई हरून नव्हे, अटी घालून. हत्यारं, सामानसुमान, कुटुंबकबिला सगळं बरोबर, थकलेला पगार हातात, आणि मलकापूरपर्यंत सोबतीला इंग्रज अधिकारी. इंग्रजांची एक अट होती, यांनी अशीरगडावर जायचं नाही. ही अट का घातली ते पुढे येईल.

भाडोत्री म्हणून अरबांना आपण सहज नावं ठेवतो. पैशासाठी लढत होते हे खरंच. पण राजा शरण गेल्यावर दोन आठवडे परक्या शहरात तट धरून बसण्याचा पगार कोणी ठरवलेला नसतो.

जानेवारी १८१८ मध्ये नवा तह झाला. नर्मदेकाठचा मुलुख, वऱ्हाड आणि गाविलगड गेले आणि अप्पासाहेब नावापुरते पुन्हा वाड्यात आले. आतून त्यांचे पेशव्यांशी निरोप चालूच होते, चौरागड आणि मंडल्याच्या किल्लेदारांना गड सोडू नका असं गुपचूप सांगणं चालू होतं. १५ मार्चला त्यांना कैद झाली. मे महिन्यात त्यांना अलाहाबादेकडे नेत असताना, १३ मेच्या पहाटे, जबलपूरच्या अलीकडच्या मुक्कामावरून ते निसटले. अंगावर शिपायाचा पोशाख होता आणि पहाऱ्यातलेच काही शिपाई त्यांच्याबरोबर गेले. तंबूत पलंगावर उशी झाकून ठेवली होती आणि सेवक पाय चेपत असल्यासारखे बसले होते, असं सांगतात. गोऱ्या अधिकाऱ्याने डोकावून पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणून तो निघून गेला. कंपनीच्या पगारावरच्या त्या शिपायांनी फितूर होऊन जिवाची जोखीम का घेतली असेल? पदरात टाकायला अप्पासाहेबांकडे त्या दिवशी काहीही नव्हतं.

यापुढचे आठ-नऊ महिने महादेवाच्या डोंगरातले. पचमढी, तामिया, हर्रईकडचा सगळा मुलुख. हर्रईचा गोंड ठाकूर चैनशहा याने त्यांना आसरा दिला. इंग्रजांनी अप्पासाहेबांना पकडून देणाऱ्याला लाख रुपये रोख आणि वर्षाला दहा हजारांची जहागीर जाहीर केली. त्या काळचे लाख रुपये! डोंगरातल्या ज्या माणसांना कोदो-कुटकी पुरत नव्हती, त्यांच्यातला एकही ते घ्यायला पुढे आला नाही. नोकरीच्या निमित्ताने माझं त्या भागात जाणं होतं. आजही पावसाळ्यात एखाद्या नाल्याला पूर आला की चार-चार तास अलीकडेच बसावं लागतं. रस्ता नाही, पूल नाही अशा काळात तिथे राजाला लपवणं म्हणजे त्याच्या माणसांना रोज अन्न पोचवणं, वाट दाखवणं, आणि शिपाई विचारायला आले की तोंड बंद ठेवणं. हे सगळं गोंड गावांनी केलं.

जुलै १८१८ मध्ये बैतूल-मुलताईच्या बाजूला कॅप्टन स्पार्क्सची शंभरेक शिपायांची तुकडी अरब आणि गोंडांच्या जमावाने घेरली. स्पार्क्स मेला आणि त्याची जवळपास सगळी तुकडी कापली गेली. मेलेले शिपाई पुन्हा इथलेच, बंगाल पलटणीचे. ऑगस्टमध्ये अरबांनी मुलताई घेतली. पांढुर्ण्याहून घाट चढून तासाभरात आपण तापीच्या दर्शनाला जातो, तेच गाव. इंग्रजी तुकड्या चालून आल्यावर त्यांना ते सोडावं लागलं. पाऊस संपला, वाटा मोकळ्या झाल्या आणि कर्नल अॅडम्सने डोंगराला सगळीकडून घेरायला सुरुवात केली. चैनशहा पकडला गेला. फेब्रुवारी १८१९ मध्ये अप्पासाहेब चितू पेंढाऱ्याबरोबर तिथून निसटले आणि पाठलाग चुकवत बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडाला पोचले. चितूला मात्र थारा मिळाला नाही. पुढे जंगलात वाघाने त्याला मारलं.

अशीरगड शिंद्यांचा, किल्लेदार यशवंतराव लाड. दौलतराव शिंद्यांनी वरकरणी गड इंग्रजांना द्यायचा हुकूम दिला होता, पण लाडने तो मानला नाही. १८ मार्च १८१९ रोजी डव्हटन आणि माल्कम यांच्या फौजांनी गडाखालची पेठ घेतली. पुढच्या दोन दिवसांतच गडावरच्यांनी बाहेर पडून हल्ला चढवला, त्यात लेफ्टनंट कर्नल फ्रेझर मेला. २१ तारखेला इंग्रजांच्याच मोर्च्यातल्या दारूचा भडका उडून शंभराच्या घरात शिपाई मेले-भाजले. महिनाअखेर खालचा मालेगड पडला. तोफांनी वरचा तट ढासळू लागला आणि गडावरची दारू संपत आली. ९ एप्रिलला अरब, सिंधी, बलुची, मकराणी असे सुमारे बाराशे जण खाली उतरले आणि त्यांनी हत्यारं ठेवली. वेढा देणाऱ्यांचे तीनशेहून जास्त मेले-जखमी झाले होते, आतल्यांचे दीडशेच्या आत. गडावर दौलतरावांचं एक गुप्त पत्र सापडलं, अप्पासाहेब सांगतील तसं करावं असं लाडला कळवणारं. इंग्रजांनी ते कारण धरून अशीरगड कायमचा ठेवून घेतला.

अप्पासाहेब गडावर सापडले नाहीत. ते आधीच निघून गेले होते. बाराशे जणांनी ज्याच्यामुळे वेढा सोसला, तो माणूस फकिराच्या वेषात उत्तरेच्या वाटेला लागला होता. याला पळपुटेपणा म्हणायचं की राजा जिवंत राहावा म्हणून शिपायांनी घेतलेला भार म्हणायचा, यावर मी अनेकदा विचार केला. दर वेळी माझा कल शिपायांकडेच जातो.

पंजाबात रणजितसिंहांकडे त्यांना काही काळ आसरा मिळाला, पण मदत मिळाली नाही. पुढे डोंगराळ मंडी संस्थानात काही दिवस काढून ते जोधपूरला आले. तिथले राजे मानसिंह यांनी इंग्रजांनी मागूनही त्यांना स्वाधीन केलं नाही. जोधपुरातच १८४० साली अप्पासाहेब वारले, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. नागपूरच्या गादीवर तेव्हा तिसरे रघूजी होते, बाकाबाई आणि जेनकिन्स यांनी १८१८ मध्येच बसवलेले, आणि सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांनी आपला किल्ला बांधून घेतला होता.