पोरांसाठी हातानं पेपर लिहिणारे मास्तर : साने गुरुजी

पोरगं पुस्तक हातात धरत नाही, ही तक्रार आज गावागावांत ऐकू येते. शंभर वर्षांपूर्वी आपल्या खान्देशात एका मास्तरांपुढं हाच प्रश्न होता. ते म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणं खोताचं, पण वडिलांच्या काळात घराची पार पडझड झाली. दापोली, औंध, पुणे असं फिरत, कधी अर्धपोटी राहून त्यांनी शिक्षण केलं. १९१७ साली आई गेली. पण आईनं लहानपणी जे मनात पेरलं होतं, ते आयुष्यभर उगवत राहिलं.

१९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढं वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडं आलं. तिथं खेड्यापाड्यांतली, घर सोडून आलेली पोरं राहायची. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे, कुणी आजारी पडलं तर उशाशी बसायचे. मास्तरांनी असं करावं, हे पोरांनाही नवीन होतं.

अभ्यासाच्या पुस्तकाशिवाय या पोरांच्या हाती वाचायला फारसं काही नव्हतं. मग गुरुजींनी स्वतःच पेपर काढला. नाव ठेवलं ‘छात्रालय’. छापखाना नाही, पैसा नाही, सगळा मजकूर हातानं लिहिलेला. वसतिगृहातल्या घडामोडी, गोष्टी, नवी माहिती असं सगळं त्यात असायचं. खरी मेख इथंच आहे बघा. वाचा म्हणून त्यांनी पोरांच्या मागं छडी घेतली नाही. पोरांना आपलं वाटेल असं काहीतरी त्यांच्यापुढं ठेवलं. आपल्याच घरातली बातमी असली की कोण वाचणार नाही? १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही सुरू केलं.

१९३० साली स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. तुरुंगवास आला. पण पोरं मनातून गेली नाहीत. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि बराचसा भाग अवघ्या काही दिवसांत लिहून काढला. पुढं १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

१९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० ला ते गेले. पन्नाशीच जेमतेम गाठली होती, पण मागं पुस्तकांची मोठी रास ठेवून गेले.

आता आपल्या कामाचं. ‘श्यामची आई’मधल्या प्रकरणांना गुरुजींनी ‘रात्र’ म्हटलंय. श्याम रोज रात्री मित्रांना एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. म्हणजे हे पुस्तक मुळातच रोज थोडं थोडं ऐकायचं आहे. गुरुजींचं लेखन आता कॉपीराइटमधून मोकळं झालंय, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. जो मोबाईल पोरांच्या हातून सुटत नाही म्हणून आपण ओरडतो, त्यातच हे पुस्तक आहे.

रात्री जेवणं झाली की पोरांना जवळ घ्या, एक रात्र मोठ्यानं वाचा. घरात वाचता येणारं एकच माणूस असलं तरी भागतं. आजी-आजोबाही ऐकतील. मधेच थांबून आपल्या आईची एखादी आठवण सांगितली, तर आणखी चांगलं. दुसऱ्या दिवशी पुढचं पान पोरानंच वाचावं. अडखळलं तर हसू नका, शब्द सांगा नि पुढं जाऊ द्या.

दीड महिन्यात ४२ रात्री संपतील. तोवर पोरगं पुढचं पुस्तक मागायला लागलं, तर ते शोधून द्यायचं काम आपलं.