येरवड्याच्या मैदानावरून चालायची टाटांची विमान कंपनी, बजेट एअरलाइनचं गणित जेआरडींनी तेव्हाच मांडलं होतं

पहाटेची फ्लाइट आहे म्हणून चाकणहून रात्री दोनलाच कॅब निघते. नाशिक रोडला ट्रकची रांग, मोशी, भोसरी, मग विश्रांतवाडी करत लोहगाव. तिकीट स्वस्तात मिळालेलं असतं, पण काउंटरवर बॅग काट्यावर ठेवली की आकडा पंधरा किलोच्या पुढे जातो. मग तिथंच बॅग उघडायची, दोन जीन्स आणि आईने दिलेला लाडवाचा डबा हातातल्या पिशवीत कोंबायचा. खिडकीची सीट हवी तर पैसे, सँडविच हवं तर पैसे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आणि गाव लांब असणाऱ्या हजारो पोरांचा हा अनुभव आहे. शिव्या घालत का होईना, पुढच्या वेळी ते पुन्हा त्याच स्वस्त विमानाने जातात. कारण रेल्वेने दीड दिवस लागतो आणि सुट्टी चारच दिवसांची असते.

आता गंमत बघा. लोहगावला जाताना वाटेत येरवडा लागतं. या येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या एका मैदानावरून नव्वदेक वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक विमान कंपनी चालायची. दोन छोटी विमानं, मोजून डझनभर माणसं आणि खर्चाला कात्री. आजच्या भाषेत सांगायचं तर ती शंभर टक्के बजेट एअरलाइन होती.

ती चालवणारा माणूस म्हणजे जेआरडी टाटा.

पॅरिसमध्ये जन्म, विमानाचं वेड शेजाऱ्याकडून

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेदजी टाटांच्या नात्यातले आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान फ्रेंच. लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्डेलो नावाच्या गावात टाटांचं सुट्टीतलं घर होतं. तिथं त्यांच्या शेजारी घर होतं लुई ब्लेरिओ यांचं. १९०९ साली विमानाने पहिल्यांदा इंग्लिश खाडी ओलांडणारा तो हाच माणूस. ब्लेरिओंची विमानं तिथल्या वाळूवर उतरायची आणि छोटा जहांगीर ती बघत बसायचा. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसायला मिळालं आणि पुढे वैमानिकच व्हायचं हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं.

पण घरची परिस्थिती वेगाने बदलली. १९२३ साली आई क्षयाने गेली, १९२६ साली वडील गेले. बावीस वर्षांच्या जेआरडींवर भावंडांची जबाबदारी आली. केंब्रिजला शिकायचं राहून गेलं, कॉलेजची पदवी कधी मिळालीच नाही. १९२९ साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं.

त्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलं लायसन्स. त्यावर नंबर होता १.

शर्यत हरले, पण माणूस कळला

१९२९ साली आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने विमान चालवत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. जेआरडी कराचीहून निघाले. उलट बाजूने, इंग्लंडहून, अस्पी इंजिनीअर नावाचा कोवळा पोरगा येत होता.

इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचा स्पार्क प्लग गेला होता आणि तो अडकून पडला होता. जेआरडींनी स्वतःजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकला. हाच पोरगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

दोन लाखांची कंपनी

याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक एक योजना घेऊन टाटांकडे आले. लंडनहून इम्पीरियल एअरवेजची टपाल घेऊन येणारी विमानं कराचीपर्यंतच येत होती. तिथून मुंबई, मद्रासकडे टपाल रेल्वेने जायचं. हा टप्पा विमानाने केला तर कितीतरी वेळ वाचला असता.

टाटा समूहाचे प्रमुख दोराबजी टाटा तयार नव्हते. जॉन पीटरसन या वरिष्ठ सहकाऱ्याने त्यांची समजूत घातली. रक्कम लागणार होती दोन लाख रुपये. दोराबजींनी होकार दिला, पण विमान उडालेलं बघायला ते राहिले नाहीत. जून १९३२ मध्ये त्यांचं निधन झालं.

सरकारकडून अनुदान मिळावं म्हणून टाटांनी आधी प्रयत्न केले, पण सरकारने दाद दिली नाही. शेवटी अनुदानाशिवाय, जेवढं टपाल नेऊ तेवढ्याचे पैसे, अशा बोलीवर करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून सकाळी जेआरडी एकटेच पुस मॉथ विमान घेऊन निघाले. एका इंजिनाचं छोटंसं विमान, रेडिओ नाही, धावपट्टीवर दिवे नाहीत. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतातली विमानसेवा म्हणतात ती इथून सुरू झाली.

मग येरवडा कुठून आलं?

जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात भरती आली की ती पाण्याखाली जायची. मग अख्खी कंपनी बोजाबिस्तारा बांधून पुण्याला यायची. अख्खी कंपनी म्हणजे किती? दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक, चार हमाल आणि दोन वॉचमन. येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतलं एक मैदान वापरायची परवानगी त्यांना मिळाली होती. पाऊस संपला की पुन्हा जुहू.

आता हे आजच्या बजेट एअरलाइनच्या सूत्राशी ताडून बघा.

एकाच जातीची विमानं ठेवायची, म्हणजे सुटे भाग आणि मेकॅनिक एकाच प्रकारचे लागतात. टाटांकडे तेच होतं. माणसं कमी आणि प्रत्येकाने चार कामं करायची. तेही होतं. झगमगाटी ऑफिस नको. इथं तर विमानतळच मैदानावर होता. विमान जमिनीवर नाही, हवेत असतं तेव्हा पैसे कमावतं, हे तर पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

पहिल्या वर्षी कंपनीच्या विमानांनी १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं. प्रवासी होते फक्त १५५, आणि टपाल सुमारे दहा टन. प्रवाशाला टपालाच्या थैल्यांबरोबर अंग चोरून बसावं लागायचं. म्हणजे पाय पसरायला जागा नाही ही तक्रारसुद्धा तेवढीच जुनी आहे. तरी वर्षअखेर नफा झाला ६० हजार रुपये. १९३७ पर्यंत हा नफा सहा लाखांवर गेला.

पण एका बाबतीत कात्री लागली नाही. ती म्हणजे वेळ. ऊन असो, सह्याद्रीतला पाऊस असो, टपाल ठरल्या वेळेला पोहोचायचं. सरकारच्या हवाई वाहतूक खात्याने या वक्तशीरपणाची नोंद आपल्या अहवालात कौतुकाने घेतली.

स्वस्तात विमानं मिळाली आणि बाजार फुटला

१९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. व्हिन्सेंट मात्र १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, विमानप्रवासातच गेले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचं नाव एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं.

इकडे देशात वेगळाच खेळ सुरू होता. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची डकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली. ज्याच्याकडे पैसा, त्याने विमान घेतलं आणि सरकारने लायसन्स वाटली. बघता बघता देशात विमान कंपन्यांची गर्दी झाली. प्रवासी तेवढेच, कंपन्या भरपूर. काही कंपन्या दोन-तीन वर्षांतच गुंडाळल्या.

जेआरडी आधीपासून सांगत होते की एवढ्या कंपन्या जगणार नाहीत. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या समितीनेही हेच म्हटलं आणि कंपन्या एकत्र करून चारच ठेवाव्यात असं सुचवलं. सरकारने त्याच्याही पुढे उडी मारली. १ ऑगस्ट १९५३ ला सगळ्याच विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. देशातल्या सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स, परदेशासाठी एअर इंडिया.

जेआरडींना हे अजिबात पटलं नव्हतं. तरी नेहरूंनी एअर इंडियाचं अध्यक्षपद देऊ केलं तेव्हा त्यांनी ते घेतलं आणि २५ वर्षं बिनपगारी सांभाळलं.

पडदे, चहा आणि बाथरूम

या २५ वर्षांत जेआरडी विमानात बसले की कागदावर टिपणं काढायचे. पडद्याचा रंग विटलाय, खुर्ची नीट मागे जात नाही, चहा आणि कॉफी एकाच रंगाची दिसते. उतरल्यावर ती टिपणं अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचायची. विमानातलं बाथरूम घाण दिसलं तर ते स्वतः साफ करायचे. १९६२ मध्ये एअर इंडियाचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला. जगातल्या नावाजलेल्या कंपन्यांत तिची गणना होऊ लागली.

पण हेही सांगायला हवं की ते विमान सामान्य माणसाचं नव्हतं. आपल्या आजोबांच्या पिढीत बहुतेकांनी विमान पाहिलं ते मान वर करूनच. महाराजाचा थाट ज्यांना परवडायचा त्यांच्यासाठीच होता. कमी माणसांसाठी उत्तम सेवा की जास्त माणसांसाठी साधी सेवा, हा प्रश्न जेआरडींच्या एअर इंडियाने सोडवला नाही.

पिंपरीत मात्र वेगळं घडत होतं

याच काळात टाटांची टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पिंपरी-चिंचवडमध्ये आली. १९६६ साली इथं काम सुरू झालं. सुमंत मुळगावकरांनी ओसाड जमिनीवर कारखाना उभा केला, झाडं लावली, तळं केलं. जेआरडींनी त्यांना मोकळीक दिली. चांगला माणूस निवडायचा आणि त्याला काम करू द्यायचं, ही त्यांची पद्धतच होती.

१९७४ ची गोष्ट. टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळुरूत शिकणाऱ्या एका मुलीने चिडून थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं. तिला पुण्यात मुलाखतीला बोलावलं गेलं आणि ती टेल्कोची पहिली महिला इंजिनीअर झाली. त्या मुलीला आज आपण सुधा मूर्ती म्हणून ओळखतो.

एका फटक्यात बाहेर

फेब्रुवारी १९७८. मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून काढलं. सरकारचं पत्र यायच्या आधीच ही बातमी त्यांना दुसरीकडून कळली. इंदिरा गांधी सत्तेत परत आल्यावर १९८० मध्ये त्यांना संचालक मंडळावर घेतलं, पण अध्यक्षपद मिळालं नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा कराची ते मुंबई प्रवास केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं आणि पॅरिसमध्ये दफन.

त्यांच्यानंतर

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली आणि विमानाचं तिकीट पहिल्यांदा मध्यमवर्गाच्या टप्प्यात आलं. ती पुढे किंगफिशरमध्ये विरघळली आणि २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट अचानक थांबली आणि लोकांचे बुकिंगचे पैसे अडकले. जेआरडींनी चाळीसच्या दशकात दिलेला इशारा पुन्हा पुन्हा खरा ठरत गेला. भाडं एवढं खाली आणायचं की कंपनीच जगणार नाही, तर त्या स्वस्ताईचं बिल शेवटी प्रवासीच भरतो.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परत आली. सोबत एअर इंडिया एक्सप्रेस ही बजेट एअरलाइनसुद्धा आली. म्हणजे येरवड्याच्या मैदानावर चाललेलं काटकसरीचं दुकान फिरून टाटांच्याच घरी आलं.

मग स्वस्त विमान चांगलं की वाईट?

फायदा उघड आहे. चाकणच्या शॉपफ्लोअरवरचा मुलगा आई आजारी पडल्यावर त्याच दिवशी घरी पोहोचू शकतो. ही गोष्ट महाराजाच्या थाटातल्या एअर इंडियाला जमली नव्हती.

तोटेही उघड आहेत. बॅग, सीट, खाणं धरलं तर स्वस्त तिकीट कधी कधी महागाच्या जवळ जातं, म्हणून तुलना करायची तर शेवटच्या एकूण रकमेची करावी. एकच विमान दिवसभर चार-पाच फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. म्हणून महत्त्वाचं काम असेल तर दिवसाची पहिली फ्लाइट बरी. आणि कंपनीने फ्लाइट रद्द केली तर पैसे परत किंवा दुसरी फ्लाइट हा आपला हक्क आहे, तो मागायला लाजू नये.

जेआरडींचं आयुष्य बघितलं तर काटकसरीत वाईट काही नाही. चार हमाल आणि दोन वॉचमन घेऊन त्यांनीही कंपनी चालवलीच. प्रश्न एवढाच आहे की कात्री कुठे लावायची. सँडविचला लावली तर चालेल, जागेला लावली तरी माणूस दोन तास सहन करेल. वेळ आणि सुरक्षितता यांना ती लागता कामा नये. दोन विमानांच्या कंपनीला १९३२ साली हे जमलं होतं, तर शेकडो विमानांच्या कंपन्यांकडून आज तेवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?